न बघता केलेली सही

गाडीत बसण्यापूर्वी मेस्त चपला काढायचे. चालकाच्या बाजूच्या सीटवर बसायचे, दोन्ही तळपाय सपाट टेकवायचे आणि म्हणायचे, “चल.” त्यानंतर गाडी परत येईपर्यंत ते बोलत नसत. गिअर बदलताना गाडीच्या पोटात जे होतं ते आधी तळपायाला कळतं, कानाला मागाहून, असं त्यांचं मत होतं. चपला वर्कशॉपच्या फाटकापाशीच राहायच्या. त्यामुळे मेस्त आत आहेत की एखाद्या गाडीतून साखळी गावच्या रस्त्याला गेले आहेत, हे कुणाला विचारावं लागत नसे. फाटकावर रिकाम्या चपला दिसल्या की गिऱ्हाईक सावलीला जाऊन थांबायचं.

गोव्यात सुतारापासून मेकॅनिकपर्यंत कुणाही कारागिराला मेस्त म्हणतात. पण आमच्या वर्कशॉपमध्ये पंधरा मेकॅनिक असूनही मेस्त म्हटलं की हेच. एका मोटार कंपनीच्या विक्रेत्याचं ते वर्कशॉप डिचोलीजवळ होतं. मी ज्या वर्तमानपत्रात होतो त्याचं डिचोलीचं कार्यालय बंद झाल्यावर दीड वर्ष मी तिथे नोकरी केली. वॉरंटीच्या दाव्यांचे कागद तयार करायचे आणि कंपनीला पाठवायचे, हे माझं काम. गिअरबॉक्सच्या दाव्यांमागचा अहवाल मेस्तांचा असे. दोष कंपनीचा की चालवणाऱ्याचा, हे त्यांच्या चार ओळींवर ठरायचं.

त्या चार ओळी ते एका वहीत आधी कच्च्या लिहीत. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे गिऱ्हाइकाने सांगितलेलं, उजवीकडे स्वतः पाहिलेलं. डावीकडची एक ओळही उजवीकडे जात नसे. गिऱ्हाईक आपलं निदान सांगू लागलं, की क्लचप्लेट गेली, बेअरिंग गेलं, तर ते हात वर करायचे.

“गाडयेन काय केल्यान ता सांगा. गाडयेक काय झाला ता मी सांगतंय.”

मेस्त मूळचे दोडामार्गच्या बाजूचे. तरुणपणी खाणीवर कामाला म्हणून गोव्यातल्या पाळी गावात आले आणि इथेच राहिले. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं.

मुळगावच्या एका शिक्षिकेची गाडी वर्षभरात दोनदा आली. तिसरा गिअर घासायचा. दाव्याचे कागद मी तयार ठेवले होते. मेस्त म्हणाले, थांब. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंच्या गाडीतून त्यांच्या शाळेपर्यंत गेले आणि बसने परत आले. वहीत उजवीकडे एकच ओळ होती: ‘घरापासून शाळेपर्यंत डावा हात गिअरच्या दांड्यावर.’ हाताचं वजन दिवसभर दांड्यावर राहिलं की आतला काटा झिजतो. दावा नामंजूर होणार हे उघड होतं. बाई तावातावाने आल्या तेव्हा मेस्तांनी त्यांना गाडीत बसवलं आणि स्वतः बाहेर उभे राहिले.

“बाई, हात काढा. दांडो हा तो, पोराचो हात न्हय.”

बाईंना हसू आलं, पण दुरुस्ती त्यांच्या खिशातून झाली. मेस्तांना त्याचं काही वाटलं नाही. दावा मंजूर झाला तरी त्यांना काही वाटलेलं मी पाहिलं नाही.

पाळीच्या खाणी चालू होत्या तेव्हा ते टिपरच्या गिअरबॉक्सचं काम करत. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर भरलेला टिपर उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून देत. मेस्त गिअरबॉक्स उघडून आतले दात पाहत आणि कोणत्या ड्रायव्हरची ही सवय ते सांगत. एकदा त्यांनी न उघडताच, दुसऱ्याच्या सांगण्यावरून, एका ड्रायव्हरचं नाव दिलं, त्याची नोकरी गेली आणि नाव चुकीचं होतं, अशी एक गोष्ट वर्कशॉपमध्ये ऐकू यायची. तिला मला दुजोरा मिळाला नाही. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “ता जुना झाला.”

मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते पहाटे पोदेराकडून दोन पाव घ्यायचे, एक वर्कशॉपमध्ये चहाबरोबर खायचे, दुसरा दुपारी. कार्यालयात त्यांच्यासाठी कदेल ठेवलेलं असे. ते त्या खुर्चीवर वही ठेवायचे आणि स्वतः उलट्या पेटीवर बसायचे. त्यांची बायको त्या वर्षी दिवाळीच्या आधी वारली होती. तेराव्यानंतर ते कामावर आले आणि पेटीवर बसून राहिलेल्या कामाच्या पावत्या पाहू लागले.

सही हा त्यांचा सर्वांत चेष्टेचा विषय होता. काम झालेल्या प्रत्येक गाडीच्या पावतीवर तपासणाऱ्याची सही लागते. ती मेस्तांची. ते आधी पावती वाचत, मग उठून गाडीपाशी जात, बॉनेट उघडून पाहत, परत येऊन पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहीत. पोरं म्हणायची, मेस्तांची सही व्हायच्या आत गाडीचं पुढचं सर्व्हिसिंग येतं. आमचा एक हिशेबनीस निवृत्त झाला तेव्हा त्याला द्यायच्या मानपत्रावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्यात ‘आपण उत्कृष्ट सेवा बजावली’ असं वाक्य होतं. मेस्तांनी कागद परत केला.

“ह्येची सेवा मी बघूक नाय. माणूस बरो हा. तसा लिवा, सही करतंय.”

वाक्य बदलून कागद पुन्हा छापावा लागला.

पेडण्याचा एक टॅक्सीवाला आमच्याकडे आला तो त्या दिवाळीनंतरचा शिमगा जवळ आला असताना. वय पंचेचाळीसच्या आसपास. काही वर्षांपूर्वीच्या अपघातात त्याचा डावा गुडघा गेला होता. चालायला अडचण नव्हती, पण दिवसभर क्लच दाबणं त्याला शक्य नव्हतं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर त्याने आपोआप गिअर पडणारी गाडी घेतली आणि टॅक्सीला लावली. घरात बायको, दोन मुलं आणि ही गाडी, एवढाच पसारा. गाडीला झालं होतं ते असं: चढावर मध्येच गिअर सुटायचा. इंजिन ओरडायचं, समोरच्या काचेखाली न्यूट्रलचं अक्षर लुकलुकायचं आणि भरलेली गाडी मागे जायला लागायची. पाच मिनिटं बंद करून ठेवली की पुन्हा नीट.

तो तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा गाडीने काही केलं नाही. दोष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दावा करता येत नाही, हा कंपनीचा नियम होता. मेस्तांचाही होता.

“मेस्त, ही तुमच्याकडे इली की देवळात इल्यासारखी वागता,” तो तिसऱ्या वेळी म्हणाला. “भायर पडली की सुरू.”

“वॉरंटी किती दिवस हा?”

“नऊ.”

“उद्या मी येतंय. तुझो धंदो तू कर. मी फुडे बसतलंय.”

“आणि पॅसेंजर?”

“मागे तीन घे.”

“चवथो इलो तर?”

“तेका सांग, गाडी आजारी हा, डॉक्टर बसलो हा.”

पहिला दिवस काही न घडता गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, चौथ्या फेरीला, मालप्याच्या चढावर गिअर सुटला. मागे तीन प्रवासी होते, एक बाई ओरडली. मेस्तांनी हातब्रेक ओढला आणि तळपाय तसेच टेकवून बसून राहिले. प्रवाशांना दुसऱ्या टॅक्सीत बसवून दिल्यावर दोघांनी गाडी थंड होऊ दिली आणि जवळच्या चहाच्या गाड्यापाशी आणली. पुढचं मला टॅक्सीवाल्याने सांगितलं.

अशा गाडीतही क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी तेलाच्या दाबाने दाबला जातो. त्या तेलाची मुठीएवढी बाटली बॉनेटखाली असते आणि तिच्यापासून हातभर अंतरावर ब्रेकच्या तेलाची बाटली. मेस्तांनी चहावाल्याकडून काचेचा ग्लास मागून घेतला, अर्धा पाण्याने भरला आणि पहिल्या बाटलीतलं थोडं तेल त्यात सोडलं. ते सगळं वर तरंगायला हवं होतं. थोडं तरंगलं. बाकीचं पाण्यात विरघळून पाणी गढूळ झालं. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. कुणीतरी या बाटलीत ब्रेकचं तेल घातलं होतं. तसं केलं तर काही महिने कळत नाही. मग आतली रबरं फुगतात आणि गाडी तापली की दाब सुटतो.

मेस्तांनी पाणी ओतून दिलं, ग्लास विकत घेतला, कारण त्यात पुन्हा कुणी चहा प्यायचा नव्हता, आणि म्हणाले, “मिळाला.”

“काय मिळाला?”

“उद्या सांगतंय.”

टॅक्सीवाल्याने तिथूनच घरी फोन लावला. “अगो, मेस्तांका मिळाला. क्लेम होतलो. होय गो, नवीन घालतले.” मेस्त शेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून त्या गाडीच्या जुन्या पावत्या मागून घेतल्या. गाडी दुसरीकडे कुठेही उघडली गेली नव्हती. मागच्या सर्व्हिसिंगला ते तेल आमच्याच माणसाने भरलं होतं. पावतीच्या तळाशी तपासणाऱ्याची सही होती, वडिलांच्या नावासकट. पावतीवर तारीख होती. मेस्तांनी ती बराच वेळ पाहिली. मग वही न उघडता थेट अहवालाच्या फॉर्मवर लिहिलं: ‘क्लचच्या तेलाच्या बाटलीत ब्रेकचं तेल. वर्कशॉपने भरलेलं. तपासणाऱ्याने बाटली न बघता सही केलेली आहे. दोष कंपनीचा नाही.’ खाली ‘कारण’ असा रकाना होता. तो त्यांनी रिकामा ठेवला.

मी फॉर्म मॅनेजरकडे नेला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने मेस्तांना आत बोलावलं, दार लावलं आणि मला थांबायला सांगितलं.

“मेस्त, तुम्ही फक्त लिहा, पंपात दोष. कंपनी आठ दिवसांत नवा पंप पाठवील. तो टॅक्सीवाला खूश, आपण खूश. हे असं लिहिलंत तर दावा उडाला. मग दुरुस्ती आपल्या खर्चाने करायला मला शेठकडून मंजुरी घ्यायला हवी, शेठ परदेशात. महिना जाईल, दोन जातील. तोवर त्याने काय करायचं?”

“पंपात दोष नाय. पंपात तेल दुसरा हा.”

“कोणाचं नुकसान होतंय ते सांगा मला. एक माणूस दाखवा.”

मेस्तांनी विचार केला. “माका ठावक नाय,” ते म्हणाले. “पण ता झाला नाय.”

“बरं, मग निदान सही न बघता का केली ते तरी लिहा. शेठला काही सांगता येईल.”

“ता लिवूचा नाय.”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मीही मेस्तांना म्हणालो की एक ओळ बदला. हे इथे नोंदवायला हवं. ते माझ्यावर रागावले नाहीत. फॉर्म होता तसाच गेला आणि चार दिवसांत नामंजूर होऊन आला. मेस्तांना पुढची सूचना मिळेपर्यंत घरी बसायला सांगण्यात आलं.

ज्या दिवशी ते आपली हत्यारं न्यायला आले, त्याच दिवशी टॅक्सीवाल्याला दावा नामंजूर झाल्याचं पत्र मिळालं होतं. दोघे फाटकात समोरासमोर आले. त्याच्या हातात पत्र होतं आणि त्यातच अहवालाची प्रत.

“ह्या तू लिवलंस?”

“होय.”

“तुका कोणी इचारलेला चूक कोणाची ता? माका गाडी होई होती. चूक नको होती.” आत पोरं काम थांबवून पाहत होती. “तुझी सही धुवन निघाली रे. माझी गाडी हय पडली. घराकडे सांगितलंय, क्लेम झालो म्हणान. तू बाजूक उबो होतंस. ऐकी होतंस!”

“होय,” मेस्त पुन्हा म्हणाले.

टॅक्सीवाला पत्र तिथेच टाकून गेला. मेस्तांनी ते उचललं, घडी केली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

त्यानंतरच्या सकाळी ते पहिल्या बसने म्हापशाला आणि तिथून पेडण्याला गेले. टॅक्सीवाल्याच्या दारात उभं राहून त्यांनी त्याच्या बायकोला विचारलं, साध्या गिअरची टॅक्सी गावात कुणाची उभी आहे का. तिने सांगितलेलं मी तिच्याच शब्दांत देतो: “माझ्या भावाची हा म्हटलंय. तो बोटीर गेलो हा, चार म्हयने गाडी मांगरात उबी हा. पण चलवतलो कोण? मगे ते म्हणाले, मी. माका वाटला, ह्येंका बरा नाय.” मेस्तांकडे खाणीच्या काळातलं बॅजचं, म्हणजे भाड्याची गाडी चालवायचं, लायसन्स होतं. दर वेळी मुदतीत नवं केलेलं.

अशा रीतीने दुसऱ्या दिवसापासून मेस्त टॅक्सी चालवू लागले. टॅक्सीवाला बाजूला बसायचा, प्रवाशांशी बोलायचा, सामान चढवायचा, पैसे घ्यायचा. मेस्तांशी तो ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ आणि ‘थांब’ एवढंच बोलायचा. दिवस संपला की मेस्त किल्ली त्याच्या बायकोच्या हातात देऊन बसस्टॉपवर जायचे. त्याने त्यांना एकदाही स्टॉपपर्यंत सोडलं नाही आणि त्यांनी एकदाही ‘सोड’ म्हटलं नाही. रांगेतले दुसरे टॅक्सीवाले त्याला विचारायचे, “काय रे, नवो ड्रायव्हर ठेवलंस?” तो काच वर करायचा.

एकोणिसाव्या दिवशी शेठची मंजुरी आली. दुरुस्ती वर्कशॉपच्या खर्चाने करायची, सुटे भाग यायला आणखी दोन आठवडे. टॅक्सीवाल्याची संमतीची सही लागणार होती. तो कागद घेऊन मी विमानतळावरच्या टॅक्सींच्या रांगेत गेलो. त्यांची गाडी रांगेत अकरावी होती. ऊन होतं, म्हणून मी मागच्या सीटवर बसलो. टॅक्सीवाल्याने कागद दोनदा वाचला, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि मला परत दिला. पुढची एक गाडी गेली, मेस्तांनी गाडी तेवढी पुढे घेतली.

“गाडी होतली आता,” टॅक्सीवाला समोर बघत म्हणाला. “आता तरी सांग. एक ओळ बदलूक काय झाला होता?”

“लिवचा लागलाच असता,” मेस्त म्हणाले. “पण पयला तुका सांगूक होया होता. तू घराकडे फोन लावलंस तेव्हाच. मी कागदाक सांगितलंय आणि तुका सांगूक नाय. ती चूक.”

“आणि ती सही? अख्खो डिचोली सांगता, मेस्त बघल्याशिवाय सही करी नाय. माझीच गाडी कशी मिळाली तुका?”

मेस्तांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“चवथीच्या आदली सांज. बावीस गाडये होते. सगळ्यांका घराकडे जावचा होता. बाईल आजारी होती. ती म्हणाली, औंदा माटोळेचा सामान मी स्वता निवडतलंय. म्हयनोभर ती खाटेरसून उठूक नव्हती. मी पावत्यांर सगळ्यो सह्यो केलंय आणि गेलंय. तिका धरून बाजारात फिरयलंय. कवंडाळ घेतल्यान, नारळाची पेंड घेतल्यान, एक एक हातात घेवन बघल्यान. दोन तास.”

“मगे?”

“दिवाळी बघूक नाय तिना.”

माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट. तिचा बाजार आदल्या संध्याकाळीच भरतो. टॅक्सीवाल्याला हे सांगायची गरज नव्हती. तो अहवालाच्या फॉर्मविषयी विचार करत होता, हे त्याच्या पुढच्या प्रश्नावरून कळलं.

“त्या फॉर्मार कारणाक जागा होती. मी बघलेली. रिकामी होती.” आता त्याने पहिल्यांदाच मेस्तांकडे मान वळवली. “ता लिवलेला असता तर तुमका घराकडे बसयले नसते. कित्या लिवलास नाय?”

“ता गाडयेचा नाय,” मेस्त म्हणाले.

रांग हलली. मागच्याने हॉर्न दिला. टॅक्सीवाल्याने काच खाली केली, मागे वळून हाताने त्याला थांब म्हणून सांगितलं आणि तो हात तसाच बाहेर ठेवला, मेस्तांनी डोळे पुसून गिअर घालेपर्यंत.